झेंडा उतरेपर्यंत

यंदा इटलीहून आणलेला नवा संगीतगुरू माझ्या दारात आला तो तोंड वाकडं करूनच. वय पंचविशीचं, आव साठीचा.

"बाई, संत व्लाहोच्या सणाला झेंडा उतरवताना तुमचे लोक जे गाणं म्हणतात, त्याचं शेवटचं कडवं ते घोळवत बसतात. तुम्ही ही वरची खिडकी उघडेपर्यंत मानकरी टोपी काढत नाही आणि टोपी निघेपर्यंत गायक थांबत नाहीत. हा काय प्रकार आहे? कागदावर ते कडवं एकदाच आहे. कुणी लिहिलंय हे?"

"माझ्या भावानं. लुक्शानं."

"कागदावर नाव नाही."

"नव्हतंच लिहायचं. बंदी होती."

"बरं. पण त्यांनी एकदाच लिहिलंय, मग तुम्ही ते चुकीचं का गाता?"

मुलाला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मी त्याला चुलीजवळ बसवलं, संत्र्याच्या सालीच्या साखरेतल्या वड्या पुढे ठेवल्या आणि सांगायला बसले.

आमचे वडील दुब्रोव्निकच्या बंदरात जहाजांना डांबर फासायचे. लुक्शाचा गळा एका पाद्र्यानं ऐकला आणि त्याला नेपल्सला शिकायला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे एक व्हायोलिन होतं, बिघडलेलं पोट होतं आणि कुणाचंही गाणं ऐकताना नाक मुरडायची सवय होती. पण त्याला सुचायचं मात्र खरं. चार-पाच वर्षांत गावातल्या प्रत्येक चर्चमध्ये त्याचं काही ना काही गायलं जाऊ लागलं. गाताना कुणी चुकलं की हातातली काठी भिरकावायचा. ती काठी बऱ्याच जणांनी खाल्लीय.

मग एका कार्निवलच्या आधी बंदरावरच्या वाऱ्यानं एका वयोवृद्ध सिनेटरचा केसांचा टोप उडवला आणि समुद्रात टाकला. म्हाताऱ्यानं तो आणायला चक्क पहाऱ्याची होडी सोडली. लुक्शाला एवढं पुरे होतं. त्यानं त्यावर गाणं केलं, आणि चाल अशी की एकदा कानात शिरली की निघता निघेना. कोळणींनी गायलं, पाद्री ओठ मिटून गुणगुणले, खुद्द सिनेटरच्या घरची मोलकरीण भांडी घासताना गायली. गायलं सगळ्या गावानं, हाकललं त्याला एकट्याला. जन्माची हद्दपारी, आणि त्याचं नाव कुठल्याही कागदावर येता कामा नये. त्याची गाणी तेवढी ठेवून घेतली. फुकटची होती ना!

सीमेपलीकडे तुर्कांच्या मुलखात, त्रेबिन्येला, एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे तो पोती मोजायला राहिला. नेपल्सला शिकलेला माणूस. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

पण आमच्याकडे संत व्लाहोच्या, म्हणजे शहराच्या रक्षणकर्त्याच्या, सणाला सूट असते. चौकातल्या ऑर्लांडोच्या दगडी खांबावर पांढरा झेंडा चढला की हद्दपार माणसानंही उजळ माथ्यानं शहरात यावं, त्याला कुणी हात लावायचा नाही. झेंडा उतरला की सूट संपली. त्यानंतर जो आत सापडेल त्याला समुद्राच्या पातळीखालची कोठडी, आणि त्याला ठेवून घेणाऱ्यालाही. लुक्शा दरवर्षी झेंड्याबरोबर यायचा आणि झेंड्याआधी जायचा. तेवढ्या दिवसांत गायकांना पिळून काढायचा. झेंडा उतरवतानाचं गाणं त्याचंच. दरवर्षी त्यात काहीतरी खोडायचा, काहीतरी घालायचा, आणि तरी त्याचं समाधान नसायचं.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी तो खेचरावरून उतरला तो माझ्या अंगावरच. ताप होता. रुमाल लपवत होता, पण मी पाहिला. रुमालावर रक्त होतं.

"दादा, झोपून राहा."

"झोपायला त्रेबिन्ये आहे," म्हणाला आणि तडक तालमीला गेला. तिथे जाऊन त्यानं भांडणच उकरून काढलं. म्हणे शेवटचं कडवं आता दोनदा म्हणायचं नाही. एकदाच. तेही हळू होत जाणारं. आणि मग शांतता.

"लोकांना दोनदा आवडतं," गायकांचा म्होरक्या म्हणाला.

"लोकांना सणाचे ते मटणाच्या रश्श्यात माखलेले मळके मकरोनीही आवडतात. एकदाच! आणि संपलं की गप्प बसायचं. खोकायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत. ती शांतता मी लिहिलीय, समजलं? बोंबलायला कुणालाही येतं."

घरी आला तेव्हा भिंत धरून चालत होता. तरी डोळे चमकत होते. "देशू, या वर्षी जमलंय ते," म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सणाचा दिवस त्यानं कसाबसा काढला. शेवटच्या दिवशी सकाळी निघायचं म्हणून खेचर सांगून ठेवलं होतं. बूट घालायला वाकला आणि तोंडातून रक्ताची गुळणी आली. आम्ही त्याला उचलून वर आणलं. आमची स्वयंपाकघरं सगळ्यात वरच्या मजल्यावर असतात, चुलीजवळच त्याचं अंथरूण घातलं. डॉक्टर आले, छातीला कान लावला आणि मला जिन्यात घेऊन गेले.

"शहराच्या दरवाजापर्यंतसुद्धा पोचणार नाही हा."

"आणि इथेच ठेवला तर?"

"आजची रात्र काढेल असं वाटत नाही. पण संध्याकाळ काढेल." एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता खाली उतरले. झेंडा संध्याकाळी उतरणार होता.

आता माझ्या मनात काय आलं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. झेंडा वर असताना जो मेला तो शहराचा. त्याला डॉमिनिकन साधूंच्या चर्चमध्ये आईशेजारी जागा मिळाली असती आणि त्याची गाणी जिथे होती तिथे राहिली असती. झेंडा उतरल्यावर मेला तर तो कायदा मोडलेला गुन्हेगार. त्याला तटाबाहेर चुन्याच्या खड्ड्यात टाकणार आणि त्याचे कागद चर्चमधून काढून जाळणार. म्हणजे मी माझ्या भावासाठी काय मागायचं? त्यानं जगावं की वेळेत मरावं? मी त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते आणि खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते बघत होते. 

दुपारीच पहाऱ्यावरचा मात्को येऊन आमच्या जिन्यावर बसला. आडदांड गडी, पण बोलायला मवाळ.

"वहिनी, मला पाठवलंय. झेंडा उतरला की वर यायचं असं सांगितलंय."

"अजून वर आहे ना? मग बसा खालीच."

"बसतो. माझी काही घाई नाही," म्हणाला आणि खिशातलं सुकं अंजीर काढून चघळू लागला.

आणि माझा नवरा? पेरो पिंपं बनवायचा. पिंपाला लोखंडी कडं ठोकताना 'लागलं तर नाही ना' असं पिंपाला विचारेल असा माणूस. दाराला कडी लावली की परत उठून बघायचा. सणाला दोन मानकरी निवडतात, एक जहाजाचा कप्तान आणि एक कारागीर. त्या वर्षी कारागिरांतून पेरोची निवड झाली होती. त्याला महिनाभर झोप नव्हती. काम काय, तर मिरवणुकीत पुढे चालायचं आणि शेवटच्या संध्याकाळी गाणं संपलं की डोक्यावरची टोपी काढायची. टोपी निघाली की गायक थांबतात, गायक थांबले की झेंडा उतरतो. एवढंच. पण त्याचीही तो आरशासमोर तालीम करायचा.

त्या दुपारी तो काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. लुक्शाकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

"मी निघतो गं," म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जा ना! मिरवा! इथे माझा भाऊ मरतोय आणि तुम्ही जाऊन टोपी काढा. चांगली वाकून काढा, लोक बघतायत!"

तो खिडकीशी गेला, लाकडी झडपा ओढून घेतल्या आणि कडी लावली. बाहेर डोंगरावरून वारा सुटला होता, घर कसं थरथरत होतं.

"ही उघडू नकोस," म्हणाला. "उघडायची वेळ येईल तेव्हाच उघड. चौकातून दिसते ही खिडकी."

मला वाटलं, वाऱ्याबद्दल बोलतोय. नेहमीसारखा.  तो गेला.

मग वाट बघणं उरलं. झडपांच्या फटीतून मला झेंड्याचं टोक दिसायचं, संत व्लाहोच्या चर्चच्या पायऱ्या आणि चौकाचा एक तुकडा. मी फटीशी जायची, अंथरुणाशी यायची, परत फटीशी. त्याचा श्वास अडखळला की माझा अडखळायचा. आणि परत सुरू झाला की 'सुटले' असं वाटायचं, आणि लगेच पुढचं वाटायचं की अरे देवा, ऊन तर गेलं.

"देशू," त्यानं डोळे उघडले. "झेंडा?"

"वर आहे, दादा."

"मला उठव. निघायला हवं."

"खेचर यायचंय अजून."

"हे खेचरवाले..." म्हणाला आणि परत डोळे मिटले. त्याला माझं खोटं कळलं असावं, पण खेचरवाल्यांना शिव्या घालायची संधी त्यानं सोडली नाही.

घंटा झाल्या. खाली गाणं सुरू झालं. वाऱ्यावर कधी जवळ यायचं, कधी लांब जायचं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मी त्याचा हात धरला. हात गरम होता आणि बोटं माझ्या तळव्यावर ताल धरत होती. मी मनात म्हणत होते, हळू म्हणा रे, मेल्यांनो, जरा हळू म्हणा. पण गाणं कुणासाठी हळू होतंय? शेवटचं कडवं आलं. त्यानं सांगितलं होतं तसं ते उतरत गेलं आणि संपलं. मी डोळे गच्च मिटले. आता टोपी निघणार होती, आता झेंडा खाली येणार होता आणि मग जिन्यावर मात्कोचे बूट वाजणार होते.

तेवढ्यात खाली तेच कडवं पुन्हा सुरू झालं.

लुक्शाच्या कपाळाला आठी पडली. "काय करतायत हे?"

मी धावत फटीशी गेले. झेंडा वर होता. पायऱ्यांवर पेरो उभा होता. वारा त्याचा कोट फाडायला निघाला होता, आणि माझ्या नवऱ्यानं डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली होती. कान झाकून उभं राहिलेल्या पोरासारखा दिसत होता तो. कडवं संपलं. गायकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि टोपी आणखी खाली ओढली. म्होरक्यानं हात उचलला. कडवं परत सुरू झालं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, खिडकी उघडू नकोस म्हणजे काय ते. त्या भित्र्या माणसानं मला सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर बहुतेक त्याचा स्वतःचाच धीर सुटला असता.

सिनेटच्या वाड्यातून एक कारकून पळत आला, पेरोच्या कानाला लागला, अंधारत चाललेल्या आभाळाकडे बोट दाखवलं. पेरोनं नाही म्हणून मान हलवली. कारकून टोपीला हात घालायला गेला तसा दुसरा मानकरी, तो म्हातारा कप्तान, मध्ये येऊन उभा राहिला. आणि चौकातले लोक, जे एरवी एव्हाना मटणाच्या वासानं घरी पळालेले असतात, त्यातलं कुणी हललं नाही. गायकांच्या जोडीला आता तेही गात होते. ज्यांनी टोपाचं गाणं गायलं होतं तेच सगळे.

"देशे!" लुक्शा कोपरावर उठायला बघत होता. अंगात त्राण नव्हतं, पण राग होता. "एकदाच सांगितलं होतं ना गाढवांना? मानकरी कोण आहे?"

"पेरो."

"तो पिंपवाला? त्याला म्हणावं, टोपी काढ! माझ्या गाण्याची वाट लावतोय तो. जा. जा सांग त्याला."

मला हसू आलं आणि रडू आलं. काय सांगणार होते मी त्याला? की दादा, ते तुझ्या मरणाची वाट बघतायत, आणि तू मरेपर्यंत गाणं थांबवणार नाहीत? "सांगते," म्हटलं आणि जिन्यात गेले.

मात्को उभा होता. "काय म्हणतोय?"

"गाणं चुकतंय म्हणतोय. जाऊन थांबवा म्हणतोय."

मात्कोनं कान दिला. "चुकतंयच. पण मला झेंडा बघायला ठेवलंय, वहिनी, गाणं बघायला नाही." मग खाली बघत म्हणाला, "ते टोपाचं गाणं मी पहाऱ्यावर असताना म्हटलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही."

मी भिंतीला टेकून तिथेच उभी राहिले, पेरोपर्यंत जाऊन आल्याइतका वेळ. आत तो एकटा होता आणि मी बाहेर नाटक करत होते. मी नसतानाच गेला तर? तशीच आत आले.

"सांगितलं, दादा. आता नीट म्हणतील."

"बघू," म्हणाला. मान उशीवर टेकवली आणि उजव्या हाताचं बोट थोडं उचललं, काठी धरायचा तसं.

खाली कडवं चालू होतं. गळे बसले होते सगळ्यांचे, आवाज आपोआपच उतरला होता. नुसता घोगरा, थकलेला आवाज. त्याला जसा हवा होता तसा तालमीत एकदाही लागला नव्हता, तो आता लागला. बोट हळूहळू खाली येत गेलं. कडवं संपलं.

आणि शांतता झाली. गायक दम घेत होते, दुसरं काही नाही. एवढा वेळ गाऊन दम घ्यायला वेळ लागत होता. कुणी खोकलं नाही. चौकात एवढी माणसं असून पाय वाजला नाही. वारासुद्धा मध्येच पडला होता.

लुक्शा ऐकत होता. "हां," म्हणाला. "असं."

बोट चादरीवर टेकलं. मी पुढच्या श्वासाची वाट बघितली. तो आला नाही.

मग खाली कडवं परत सुरू झालं, आणि त्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली नाही. तेव्हा मला कळलं.

मी किती वेळ बसले कोण जाणे. मात्को आत आला. त्यानं लुक्शाकडे पाहिलं, मग फटीशी जाऊन झेंड्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"झेंडा वर असताना गेला. मी साक्ष द्यायला आहे," म्हणाला. "उघडा खिडकी, वहिनी. तुमच्या नवऱ्याचे हात गळून पडतील आता."

मी उठले आणि कडीला हात घातला. फटीतून पेरो दिसत होता. त्याची कोपरं थरथरत होती, चेहरा वर, आमच्याकडे. दुपारभर मी देवाकडे जे मागत होते ते मला मिळालं होतं. आईशेजारची जागा, कागद, सगळं. आता फक्त कडी सरकवायची होती, की गाणं थांबलं असतं.

खाली कडव्याची पहिली ओळ चालू होती.  मी कडीवर हात ठेवून ते कडवं पूर्ण ऐकलं, आणि मग खिडकी उघडली.